वेब सेवेतील कंट्रोलरची घटकचाचणी आणि ‘मॉक’ घटकांची विश्वसनीयता : एक चिकित्सा

प्रस्तावना

आजच्या माहिती तंत्रज्ञानाच्या युगात महाविद्यालयीन जीवनाचा प्रवेशापासून निकालापर्यंतचा बहुतेक व्यवहार वेब सेवांवर अवलंबून राहिला आहे. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, गुणपत्रकाची पडताळणी या सर्व ठिकाणी विद्यार्थी एका पडद्यासमोर बसतो आणि पडद्यामागील आज्ञावली त्याचे भवितव्य ठरविते. अशा आज्ञावल्या लिहिणारी पिढी आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडते. ती पिढी आपल्या आज्ञावलीची परीक्षा कशी घेते, हा प्रश्न त्यामुळे केवळ संगणकशास्त्र विभागाचा उरत नाही.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात, विशेषतः नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, संगणकशास्त्राचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. प्रकल्पांच्या अहवालांत ‘चाचणी’ हे प्रकरण आवर्जून असते. त्या प्रकरणात हिरव्या पट्टीचे छायाचित्र असते आणि त्याखाली ‘सर्व चाचण्या यशस्वी’ असे वाक्य असते. प्रस्तुत लेखात या वाक्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. कंट्रोलरच्या घटकचाचणीतील ‘मॉक’ या संकल्पनेचे स्वरूप व तिचा विकास स्पष्ट करणे.
२. मॉक वापरून घेतलेल्या चाचणीने नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचे विवेचन करणे.
३. आपल्या प्रयोगशाळांतील अध्यापन व मूल्यमापन पद्धतीतील उणिवा दाखवून त्यावर उपाय सुचविणे.

संकल्पनेचे स्वरूप

इतर विद्याशाखांतील वाचकांसाठी एक परिचित उदाहरण घेऊ. महाविद्यालयाच्या कार्यालयात खिडकीवर बसलेला लिपिक विद्यार्थ्याचा अर्ज घेतो, तो पूर्ण आहे की नाही हे पाहतो, आतल्या लेखा विभागाकडे पाठवितो आणि तिकडून आलेले उत्तर विद्यार्थ्याला सांगतो. वेब सेवेतील कंट्रोलर हा असाच खिडकीवरचा लिपिक होय. तो स्वतः फारसा निर्णय घेत नाही. माहितीसाठा, पात्रता तपासणारी सेवा, बँकेची सेवा, लघुसंदेश पाठविणारी सेवा या घटकांवर तो अवलंबून असतो. म्हणून त्यांना अवलंबित घटक म्हणता येईल.

आता या लिपिकाचीच तेवढी परीक्षा घ्यावयाची आहे असे समजू. त्यासाठी संपूर्ण लेखा विभाग कामाला लावणे सोयीचे नाही. म्हणून आतल्या खुर्चीवर एक बदली माणूस बसविला जातो. कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावयाचे हे त्याला आधीच पढविलेले असते. लिपिकाने त्याला योग्य प्रश्न विचारला का, किती वेळा विचारला आणि उत्तर ऐकून खिडकीवर काय सांगितले, हे आपण तपासतो. हा पढविलेला बदली माणूस म्हणजे ‘मॉक’.

या संकल्पनेचा इतिहास फार जुना नाही. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये जेयुनिट हे साधन तयार केले आणि घटकचाचणी सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती आली. २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी मॉक वस्तूंची कल्पना एका निबंधातून मांडली. २००७ मध्ये जेरार्ड मेस्झारोस यांनी आपल्या ग्रंथात सर्व प्रकारच्या बदली घटकांना ‘टेस्ट डबल’ हे सामायिक नाव दिले. चित्रपटात नायकाऐवजी उडी मारणाऱ्या ‘डबल’वरून हे नाव आले. डमी, स्टब, स्पाय, मॉक आणि फेक असे त्याचे पाच प्रकार त्यांनी केले. मार्टिन फाउलर यांनी मॉक आणि स्टब यांतील भेद विशद करताना दोन दृष्टी वेगळ्या केल्या. एक दृष्टी शेवटी काय निष्पन्न झाले ते पाहते, तर दुसरी घटकांनी परस्परांशी कसा संवाद केला ते पाहते.

या विवेचनात एक सूक्ष्म इशारा सुरुवातीपासून आहे. फ्रीमन आणि नॅट प्राइस यांनी २००९ च्या ग्रंथात असा आग्रह धरला की, ज्या घटकाची रचना आपल्या ताब्यात आहे त्याचेच मॉक करावे. परक्याच्या सेवेचे थेट मॉक करू नये. तिच्यापुढे आपला एक पातळ मध्यस्थ घटक उभा करावा, त्या मध्यस्थाचे मॉक करावे आणि मध्यस्थाची चाचणी मात्र खऱ्या सेवेसमोर घ्यावी. आपल्या अध्यापनात मॉक पोहोचले, परंतु हा इशारा पोहोचला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रयोगशाळेतील वस्तुस्थिती

प्रस्तुत लेखकास परीक्षक या नात्याने या विभागातील अनेक प्रकल्प पाहण्याची संधी मिळाली. त्यांपैकी एक प्रसंग येथे नोंदविणे आवश्यक वाटते. शिष्यवृत्तीच्या अर्जांची सेवा हा प्रकल्पाचा विषय होता. विद्यार्थिनीने चौतीस चाचण्या लिहिल्या होत्या आणि सर्व हिरव्या होत्या. कंट्रोलरमधील पात्रता तपासणाऱ्या घटकाला हाक मारणारी ओळ मी तिला काढून टाकावयास सांगितली. म्हणजे यापुढे उत्पन्नाची, जातप्रमाणपत्राची, उपस्थितीची कसलीही तपासणी न होता अर्ज मंजूर होणार होता. चाचण्या पुन्हा चालविल्या. चौतीसच्या चौतीस हिरव्या.

कारण साधे होते. मॉकला ‘पात्र’ हे एकच उत्तर पढविले होते आणि चाचणी फक्त कंट्रोलरने ‘२००’ हा यशाचा संकेतांक परत दिला का एवढेच पाहत होती. पात्रतेचा प्रश्न विचारलाच नाही तरी उत्तर तेच येणार होते. त्या विद्यार्थिनीने निरागसपणे सांगितले की, ही पद्धत तिने विभागात वाटलेल्या नमुना टिपणावरून घेतली आहे. ते टिपण काही वर्षांपूर्वी मीच तयार केले होते. हाताशी आलेल्या टिपणाच्या प्रती एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जातात, हे आपण सर्वजण जाणतो. त्या टिपणाच्या आधारे लिहिलेल्या किती प्रकल्पांना मी स्वतः पूर्ण गुण दिले असतील, याचा हिशेब मला देता येत नाही. प्रस्तुत लेखाची प्रेरणा या प्रसंगात आहे.

या प्रकल्पांत सामान्यतः तीन दोष आढळतात. पहिला म्हणजे मॉकला केवळ अनुकूल उत्तर पढविणे. दुसरा म्हणजे मॉकने दिलेले उत्तर जसेच्या तसे परत आले का, एवढेच तपासणे. अशा चाचणीत कंट्रोलरची नव्हे, तर मॉक तयार करणाऱ्या साधनाचीच परीक्षा होते. तिसरा दोष याच्या उलट टोकाचा आहे. कंट्रोलरने कोणत्या क्रमाने कोणती हाक मारली याची ओळीओळीने नोंद चाचणीत केली जाते. परिणामी, वर्तन न बदलता आज्ञावलीची मांडणी सुधारली तरी चाचणी मोडते आणि विद्यार्थी सुधारणा करण्यासच घाबरतो.

गृहीतकाची दोनदा लिहिलेली प्रत

या दोषांच्या मुळाशी एक तात्त्विक अडचण आहे. कंट्रोलर लिहिणारा आणि मॉक लिहिणारा एकच असतो. समोरची सेवा कशी वागते याविषयी त्याच्या मनात जे गृहीतक असते, ते तो एकदा कंट्रोलरमध्ये लिहितो आणि दुसऱ्यांदा मॉकमध्ये लिहितो. चाचणी या दोन प्रती जुळतात का ते पाहते. गृहीतकच चुकीचे असेल तर दोन्ही प्रती सारख्याच चुकतात आणि पट्टी हिरवी राहते.

हे मराठी नावांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव प्रथम येते. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव प्रथम आणि आडनाव शेवटी असते. दोन नोंदींतील नाव जुळते का हे पाहणाऱ्या सेवेची चाचणी विद्यार्थी ‘राम पाटील’ आणि ‘राम पाटील’ अशी जोडी घेऊन करतात. ती अर्थातच यशस्वी होते. प्रत्यक्ष अर्जात ‘पाटील राम’ येतो, तेव्हा काय व्हावयाचे याचा विचारच झालेला नसतो.

याहून सूक्ष्म अडचण लिपीची आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त ही एक पद्धत, ‘र’ला नुक्ता जोडून हलन्त देणे ही दुसरी आणि ‘र’, हलन्त व त्यानंतर शून्य रुंदीचा अदृश्य जोडक ही तिसरी. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्या तीन वेगळ्या अक्षरमालिका आहेत. पहिल्या दोन युनिकोडच्या नियमानुसार समतुल्य असल्यामुळे प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरी त्यानेही एक होत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. विद्यार्थी मॉकमधील नाव आणि अर्जातील नाव एकाच कळफलकावर टंकित करतो. त्यामुळे हा भेद त्याच्या चाचणीत कधीच उतरत नाही. गुणपत्रकाची नोंद एका संगणकावर आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या संगणकावर भरला जातो, तेव्हाच तो प्रकट होतो.

पैसे वितरणाची बाजू पाहू. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आता रूढ आहे. विद्यार्थ्याने अर्जात लिहिलेले खाते आणि त्याच्या आधारशी सर्वांत शेवटी जोडले गेलेले खाते एकच असेल असे नाही. खाते जोडलेलेच नसणे, जोडलेले खाते बंद वा निष्क्रिय असणे, अशीही उत्तरे येऊ शकतात. प्रकल्पातील मॉक बँक मात्र ‘जमा झाले’ एवढेच म्हणते. ज्या घरात मुलाची शिष्यवृत्ती हा वर्षाच्या हिशेबातील मोठा आकडा असतो, त्या घराला ‘जमा झाले’ या उत्तरापेक्षा ‘का झाले नाही’ हे उत्तर नीट मिळणे अधिक महत्त्वाचे आहे. ते उत्तर खिडकीवर कसे सांगावे, ही तर कंट्रोलरचीच जबाबदारी होय.

मॉकच्या कक्षेबाहेरील बाबी

कंट्रोलरची पद्धत चाचणीतून थेट हाक मारून चालविली, तर तिच्याभोवतीची चौकट चालत नाही. कोणता पत्ता कोणत्या पद्धतीकडे जातो, आलेल्या मजकुराचे वस्तूत रूपांतर होते का, अनिवार्य रकाने तपासले जातात का, प्रवेशाधिकार पाहिला जातो का, या गोष्टी चौकट करीत असते. विद्यार्थी वर्गावर ‘हा रकाना रिकामा नसावा’ अशी खूण लिहितो आणि थेट हाक मारणारी चाचणी हिरवी झाली म्हणून ती खूण काम करते असे समजतो. वस्तुतः ती खूण त्या चाचणीत वाचलीही गेलेली नसते. ही उणीव ओळखूनच स्प्रिंग या चौकटीच्या २०१२ च्या अखेरीस आलेल्या ३.२ आवृत्तीत ‘मॉकएमव्हीसी’ ही सोय समाविष्ट झाली. तिच्यामुळे प्रत्यक्ष सर्व्हर न उभारता चौकटीसह कंट्रोलर तपासता येतो.

दुसरी बाब काळाची व भाराची आहे. मॉक तत्काळ उत्तर देतो. १६ जुलै २०२१ रोजी राज्य मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास नीट उघडत नव्हती. लातूर विभागीय मंडळाखालील लातूर, नांदेड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील विद्यार्थीही त्या दिवशी भ्रमणध्वनी हातात धरून बसले होते. लाखो लोक एकाच वेळी विचारणा करतात तेव्हा काय होईल, हे कोणतीही घटकचाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी भारचाचणी वेगळी घ्यावी लागते. परंतु ‘समोरून उत्तरच आले नाही तर कंट्रोलरने काय करावे’ हे घटकचाचणीत निश्चित तपासता येते आणि तेच बहुधा तपासलेले नसते.

तिसरी बाब दोन घटकांमधील कराराची आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक आज्ञावली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदात देत होती आणि ते आकडे घेणारी आज्ञावली ते न्यूटन-सेकंद आहेत असे मानत होती. प्रत्येक बाजू आपल्या गृहीतकाशी प्रामाणिक होती, चूक दोहोंच्या सांध्यात होती. मॉक हा नेमका या सांध्याच्या जागी बसतो, म्हणून सांध्यातील चूक त्याला दिसू शकत नाही.

लातूर पॅटर्नचा धडा

या ठिकाणी आपल्याच परिसरातील एका शैक्षणिक प्रयोगाचे स्मरण होते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर गाजले. सराव परीक्षांची आवृत्ती हा त्याचा एक कणा होता. त्या पॅटर्नवर घोकंपट्टीचा आक्षेप घेतला गेला व तो पूर्णतः निराधार नाही. तथापि त्यातील एक गोष्ट संगणकाच्या प्रयोगशाळेने घेण्यासारखी आहे. सराव परीक्षा हीसुद्धा एक मॉकच. परंतु तेथे विद्यार्थी स्वतःचा पेपर स्वतः काढीत नाही. पेपर दुसरा काढतो, तो खऱ्या परीक्षेच्या प्रश्नांच्या अभ्यासातून काढतो आणि शेवटी मंडळाची परीक्षा त्या सरावाचा खरेखोटेपणा ठरविते. आपल्या प्रकल्पांत मात्र विद्यार्थी पेपर काढतो, स्वतःच सोडवितो, स्वतःच तपासतो आणि आपण त्या गुणांवर स्वाक्षरी करतो.

संभाव्य आक्षेप

यावर असे म्हणता येईल की, मग मॉक वापरूच नयेत आणि सर्व चाचण्या खऱ्या सेवांसमोर घ्याव्यात. हा मार्ग व्यवहार्य नाही व इष्टही नाही. प्रयोगशाळेतील इंटरनेट दिवसातून अनेकदा खंडित होते. बँकेची वा आधारची सेवा विद्यार्थ्याच्या प्रयोगासाठी उपलब्ध नसते. खऱ्या विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती प्रकल्पासाठी वापरणे तर सर्वथा अयोग्य आहे. शिवाय ‘बँकेने उत्तर दिले नाही’ किंवा ‘अर्धवट उत्तर दिले’ ही स्थिती खऱ्या सेवेकडून मागून मिळत नाही. ती मॉकच निर्माण करू शकतो. म्हणजे मॉकचे खरे सामर्थ्य प्रतिकूल प्रसंग उभे करण्यात आहे आणि आपण त्याचा उपयोग केवळ अनुकूल प्रसंग रंगविण्यासाठी करतो.

दुसरा आक्षेप असा की, एवढी अपेक्षा पदवीच्या विद्यार्थ्याकडून करणे अवास्तव आहे. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. चौतीस अर्थशून्य चाचण्या लिहिण्यास जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात दहा अर्थपूर्ण चाचण्या लिहून होतात. संख्या आपणच मागतो, म्हणून विद्यार्थी संख्या देतो.

सूचना

१. प्रत्येक मॉकच्या उत्तराखाली त्याचा आधार लिहावा : ते सेवेच्या अधिकृत दस्तऐवजातून घेतले, चाचणी-परिसरातील प्रत्यक्ष उत्तरातून नोंदविले, की केवळ गृहीत धरले. तिसऱ्या प्रकारची उत्तरे किती, हे अहवालात स्पष्ट असावे.

२. प्रत्येक अवलंबित घटकासाठी किमान चार उत्तरे पढवावीत : होकार, कारणासह नकार, वेळेत उत्तर न येणे आणि सदोष उत्तर. प्रत्येक वेळी खिडकीवर काय सांगितले जाते ते तपासावे.

३. माहितीसाठा आपल्या ताब्यात असतो. म्हणून त्याच्या मॉकला लावलेल्या अपेक्षा छोट्या खऱ्या माहितीसाठ्यासमोरही तपासाव्यात. परक्या सेवांसाठी करारचाचणीची पद्धत व ‘पॅक्ट’सारखी मुक्त साधने उपलब्ध आहेत. त्यांची निदान ओळख अभ्यासक्रमात असावी.

४. एका गटाच्या कंट्रोलरसाठी मॉकची उत्तरे दुसऱ्या गटाने तयार करावीत. नावे, तारखा व रकमा आपल्या परिसरातील वास्तव रूपात, परंतु काल्पनिक असाव्यात.

५. तोंडी परीक्षेत परीक्षकाने कंट्रोलरमधील एखादी महत्त्वाची ओळ काढून वा उलटवून चाचण्या पुन्हा चालवावयास सांगाव्यात. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या उत्परिवर्तन चाचणीचे हे सोपे रूप आहे. किमान एक चाचणी लाल झाली नाही, तर चाचणी विभागाचे गुण देऊ नयेत.

निष्कर्ष

मॉक वापरलेली घटकचाचणी ‘समोरचा घटक असा वागला तर आमचा कंट्रोलर असा वागेल’ एवढे सशर्त विधान सिद्ध करते. ते विधान मोलाचे आहे, परंतु त्यातील ‘तर’ गळून पडले की ते दिशाभूल करणारे होते. आपल्या प्रकल्प अहवालांत हा ‘तर’ सातत्याने गळतो आणि त्याला विद्यार्थ्यांपेक्षा आपली टिपणे व आपली गुणदान पद्धती अधिक जबाबदार आहेत. मॉकचे मोल त्याच्या उत्तरांची संख्या किती यावर नसून ती उत्तरे कशाच्या आधारे लिहिली यावर अवलंबून असते.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने आठ दिवसांनी प्रकल्प पुन्हा सादर केला. त्यात अकरा चाचण्या होत्या. पैकी दोन लाल होत्या. त्या लाल का आहेत, हे तिने अहवालात दोन परिच्छेदांत लिहिले होते. जोडलेले खाते निष्क्रिय असल्यास अर्जदाराला काय सांगावे, हे तिला अद्याप ठरविता आले नव्हते. तिला मी पूर्वीपेक्षा अधिक गुण दिले. विभागातील माझे टिपण मात्र अद्याप पूर्णतः सुधारून झालेले नाही. त्याच्या जुन्या प्रती ज्या सहकाऱ्यांकडे असतील त्यांनी त्या वापरू नयेत, अशी या निमित्ताने नम्र विनंती आहे.